तांडेलाच्या गाडीतल्या दोन वाट्या

गंज काय चीज आहे हे घाटावरच्या मेकॅनिकला सांगून पटायचं नाही. त्याच्याकडे गाडी येते ती धुळीने माखलेली. फडकं मारलं, पाणी मारलं की झाली लख्ख. माझं गॅरेज मालवणात, बंदरापासून हाकेच्या अंतरावर. हाकेच्या म्हणजे खरोखरच हाकेच्या. बंदरावरचे हमाल एकमेकांना काय शिव्या देतात ते मला गाडीखाली पडल्या पडल्या ऐकू यायचं. तिथे आदल्या दिवशी पुसून ठेवलेला पाना दुसऱ्या दिवशी तांबूस झालेला असे. आता माझे हात थरथरतात, गॅरेज पुतण्या बघतो, आणि मी ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकटचे सल्ले देतो. लिहा म्हणालात म्हणून लिहितो. गोड लागलं नाही तर माझ्या नावाने खडे फोडू नका.

माझं नाव झालं ते ब्रेकचा मेस्त्री म्हणून. इंजिन कुणीही बघतो हो! इंजिन बंद पडलं तर गाडी उभी राहते आणि मालक शिव्या देत घरी चालत जातो. ब्रेक बंद पडला तर गाडी उभी राहत नाही. एवढाच काय तो फरक.

ज्यांना ह्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्या काळच्या गाड्यांत पायाखाली ब्रेकचा पेडल, त्याला जोडून तेलाची एक टाकी. पाय दाबला की तेल बारीक नळ्यांतून चारही चाकांकडे धावतं. प्रत्येक चाकात एक ओतीव लोखंडाचा सिलिंडर, माणसाच्या अंगठ्याएवढा. त्यात दोन दट्टे, आणि तेल बाहेर पडू नये म्हणून प्रत्येक दट्ट्यामागे रबराची एक छोटी वाटी. तेलाने दट्टे बाहेर ढकलले की ते ब्रेकचे शू चाकाच्या ड्रमवर दाबतात आणि गाडी थांबते. चार चाकांच्या मिळून आठ वाट्या. पण तेल सगळ्यांचं एकच. आठांतली एक वाटी जरी फाटली तरी तेल तिथून वाहून जातं आणि चारही चाकांचा ब्रेक जातो. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

गिऱ्हाइकं एकेक नग असत. धामापूरचे एक मास्तर होते. त्यांचा ब्रेक कधीच लागत नसे, पण ते कधी दुरुस्तही करून घेत नसत. भगवतीच्या देवळाकडचा उतार आला की हात जोडायचे, म्हणजे स्टिअरिंगचं चाक सोडून दोन्ही हात! एकदा मी शेजारी बसलो होतो. "मास्तरांनू, देवीक हात मी जोडतंय, तुमी चाक धरा," म्हणून ओरडलो तेव्हा कुठे त्यांनी चाक धरलं. देवीने त्यांना सांभाळलं हे मात्र खरं.

पण मला सांगायचं आहे ते मिठबावच्या जगूतात्यांबद्दल.

जगूतात्या म्हणजे तांडेल, गलबतावरचा मुख्य. आयुष्यभर पडाव, म्हणजे शिडाचं मालवाहू गलबत, हाकलं, मंगळुरी कौलं मुंबईला नेली, मुंबईचा माल इकडे आणला. पडाव जुना झाला तेव्हा विकला आणि मुंबईहून एक हिरवी इंग्रजी मोटार आणली, तीही म्हातारीच. साठ सालच्या आगेमागे असेल. मोटार चालवायला ते पंचावन्नाव्या वर्षी शिकले आणि ती त्यांनी अखेरपर्यंत पडावासारखीच हाकली. वळण घेताना ते चाक फिरवत नसत, सुकाणू धरल्यासारखे सगळ्या अंगाने त्यावर रेलत. मिठबावहून मालवणला येताना वाटेतल्या खाडीवर पूल नव्हता. दोन होड्या जोडून केलेल्या तरीवर गाडी चढवायची, म्हणजे चाकं अर्धी खाऱ्या पाण्यात.

नारळी पुनव होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, तात्या गाडी घेऊन दारात आले. आले म्हणजे माझ्या कुंपणाचा एक दगड पाडून थांबले.

"बाबल, माझ्या गाडयेचो नांगर लागणा नाय."

मी चाक खोललं. ड्रम निघेना. लाकडी हातोड्याने चहूबाजूंनी ठोकून ठोकून काढला, तर आतून असा वास सुटला की शेजारची मांजरं कुंपणावर येऊन बसली. माशाचं तेल! सगळा ड्रम आतून माशाच्या तेलाने माखलेला.

"तात्यानू, ह्यां काय केलात?"

"काय म्हणजे? पावसाळ्यात शाकारून ठेवली. होडयेक ठेवतंय तशी."

खरंच तसंच केलं होतं. किनाऱ्यावर होड्या पावसाआधी ओढून घेतात, ओंडक्यांवर चढवतात, तेल पाजतात, वरून झापं घालतात. तात्यांनी मोटार ओंडक्यांवर चढवली, चारी चाकं काढली, आतबाहेर माशाचं तेल चोपडलं, वर नारळीची झापं घातली आणि तीन महिने निवांत झोपले. एवढ्यावरही थांबले नाहीत. ब्रेकच्या टाकीतलं तेल कमी दिसलं म्हणून त्यात चांगलं घाण्याचं खोबरेल ओतलं.

"ब्रेकाक तेल लावतत काय हो?" मी तापलो. मी तापट आहे, हे सगळ्या मालवणला माहीत आहे.

"लोखंडाक तेल लावूक नको तर काय हळद लावू?"

त्यांच्या बाजूने ते बरोबरच होते. समुद्रावर सत्तर पिढ्या ह्याच तेलावर तरल्या. ही चूक आमच्या किनाऱ्यावरचाच माणूस करणार, आणि तीही मायेपोटी. मला हसू यायला लागलं, पण तात्यांचा चेहरा बघून ते गिळलं.

तात्या कट्ट्यावर बसले आणि त्यांनी खरी गोष्ट सांगितली. त्यांची एकुलती मुलगी इंदू बाळंतपणाला माहेरी आली होती. आधीची दोन गेली होती, एक सातव्यात, एक जन्मल्या दिवशी. आमच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की आठ-दहा दिवसांत हिला कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या, तिथेच ठेवा, आणि नेताना आडवी झोपवून न्या. एसटीचे हादरे तिला सोसायचे नाहीत. म्हणजे फोंडाघाट चढून जायचं, आणि ते ह्याच गाडीने.

"माका दुसरा कायएक नको, बाबल. ह्या येळेक पोर हातात गावाक व्हया."

त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी मी तेवढं एकदाच पाहिलं. मला फार वाईट वाटलं. आणि त्या भरात, गॅरेजमध्ये चार माणसं उभी असताना, मी छाती पुढे काढून म्हणालो, "गुरुवारी गाडी घेवन जावा."

मग मी कामाला लागलो. अशा कामात घाई चालत नाही. गंजलेल्या नळीचा नट जोराने फिरवलात तर नळीच मोडते. आधी रॉकेल सोडायचं, वाट बघायची, हलकेच ठोकायचं, परत सोडायचं, परत वाट बघायची. दोन सिलिंडरांचे दट्टे तर असे धरले होते की पाव दिवस त्यांची विनवणी करण्यात गेला. गंज काढायला माझी एक घरगुती युक्ती होती. सोलांच्या, म्हणजे आमसुलांच्या दाट पाण्यात लोखंड बुडवून ठेवायचं आणि मग काथ्याने घासायचं. सिलिंडर आतून काठीला बारीक पॉलिशपेपर गुंडाळून फिरवत फिरवत गुळगुळीत केले. तेलाने भिजलेले शू फेकून दिले, नवे बसवले. नळ्या स्पिरिटने तीनदा धुतल्या. हे सगळं मी झकास केलं, आजही कुणी त्याला नाव ठेवू शकणार नाही.

अडलं ते वाट्यांवर. खोबरेलाने सगळ्या वाट्या फुगून पुरीसारख्या झाल्या होत्या. माझ्याकडच्या डब्यात शोधून शोधून त्या मापाच्या सहा नव्या निघाल्या. लागत होत्या आठ. कोल्हापूरच्या एसटीच्या कंडक्टरला सांगितलं असतं तर चार दिवसांत आल्या असत्या. डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीत सहज बसलं असतं. पण मी गुरुवार सांगून बसलो होतो ना, चारचौघांत! बाबल मेस्त्री शब्दाचा पक्का ना!

फुगलेल्यांतल्या त्यातल्या त्यात बऱ्या दोन वाट्या मी घेतल्या. ब्लेडने त्यांच्या कडा तासल्या, मापाला आणल्या आणि मागच्या डाव्या चाकात बसवल्या. ब्रेक लावून बघितला. लागला. बंदराच्या उतारावर पाचदा लावून बघितला, पाचही वेळा लागला. मी मनाला समजावलं की जाताना तर चढच आहे, चढाला ब्रेक कशाला लागतो? तिकडे ते दोन-अडीच महिने राहणार, गाडी उभीच असणार. तोवर नव्या वाट्या मागवू आणि बदलू. माणसाला स्वतःला फसवायचं असलं की कारणं अगदी रांगेत येऊन उभी राहतात.

गुरुवारी तात्या आले. गाडीत बसण्याआधी त्यांनी माझा हात धरून बॉनेटवर ठेवला.

"आमच्या वाडयेत रीत आसा. होडी पाण्यात लोटताना तांडेल मेस्त्र्याक इचारता. मेस्त्र्यान खरा ता सांगूचा. पाणी घेता तर घेता म्हणान सांगूचा. तेका कोण काय बोलणा नाय." मग त्यांनी माझ्याकडे बघत विचारलं, "भरवसो आसा?"

"आसा, तात्यानू," मी म्हणालो.

किती सोपं असतं एक शब्द बोलणं!

ती माणसं सुखरूप कोल्हापूरला पोचली. तात्यांचा मेव्हणा तिकडे कुठल्याशा पेठेत राहत होता, तात्या आणि त्यांची बायको त्याच्याकडे उतरली. मी लगेच कंडक्टरकरवी वाट्या मागवल्या. त्या चौथ्या दिवशी आल्यासुद्धा. एका पत्र्याच्या डबीत घालून मी त्या घरातल्या कोनाड्यात ठेवल्या. आणि तिथेच राहिल्या. आज जाऊ, उद्या जाऊ. दसरा झाला, दिवाळी झाली. कामं होती का? होती. पण खरं कारण ते नव्हतं. जाऊन बदलायच्या म्हणजे तात्यांना सांगणं आलं, आणि सांगायचं म्हटलं की मी दुसऱ्याच कुणाचं चाक खोलायला घ्यायचो.

आमच्या हिच्या नजरेतून काय सुटतंय! "त्या डबयेत काय आसा? रोज उघडून बघतास नि परत ठेवतास."

मी तिला सांगितलं. तिने चिरणं थांबवून समोरची विळी बाजूला सारली. आमचीही एक मुलगी गेलेली होती.

"मगे अजून हंय कशाक बसलास?"

"पत्तो खंय आसा माझ्याकडे?"

"मिठबावात जावन इचारूक काय पाय मोडले तुमचे?"

मी चिडून बाहेर निघून गेलो. ती बरोबर होती म्हणूनच चिडलो.

आणि मग एका बुधवारी, कोल्हापूरकडची शेवटची एसटी निघून गेल्यावर, पोस्टमनने कार्ड आणून दिलं. इंदूचं अक्षर होतं. मुलगा झाला, दोघं सुखरूप आहोत, गुरुवारी सकाळी निघून परत येतो, असं लिहिलं होतं. खाली तात्यांनी स्वतः, मोडक्या अक्षरात, एक ओळ घातली होती. "ब्रेक उत्तम. बाबलास आशीर्वाद." कार्डावर पत्ता नव्हता. तार करायची तर कुणाला करणार?

गुरुवारी म्हणजे उद्या. उद्या ती गाडी, आत बाळंतीण आणि सव्वा महिन्याचं पोर, फोंडाघाट उतरणार होती. सगळा उतार, वळणावर वळण, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. सगळा वेळ ब्रेकवर पाय.

पहाटेच्या पहिल्या एसटीने मी निघालो. पिशवीत जॅक, पाने, तेलाचा डबा आणि ती डबी. ड्रायव्हरला हात जोडून सांगितलं की समोरून हिरवी मोटार आली तर वाटेत गाडी आडवी घाल, पण थांबव. घाटाच्या पायथ्याचं फोंडा गाव मागे पडलं, घाट सुरू झाला. प्रत्येक वळणावर मी खिडकीतून खाली दरीत बघत होतो. हिरवं झाड दिसलं तरी सीटवरून अर्धा उठत होतो. वर पोचलो, माथ्यावर चहाच्या टपरीपाशी उतरलो आणि टपरीवाल्याला विचारलं.

"सकाळपासनं दोन ट्रक गेल्यात. हिरवं काय बी गेलं न्हाई," तो म्हणाला.

मी तिथेच दगडावर बसलो. चहा दिला त्याने, तो तसाच गार झाला. देवळात कधी फारसा न जाणारा मी, पण वेतोबापासून भराडीपर्यंत सगळ्या देवांना हाका मारून झाल्या.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा गाडी दिसली. तात्या नेहमीसारखे चाकावर रेललेले. मी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिलो. त्यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण मला जिथे थांबायला हवी होती तिथे नाही. मला चार पावलं मागे सरावं लागलं.

"अरे मेल्या! तू हंय कसो?" तात्या खूश होऊन खाली उतरले. "माका न्हेवक इलंस?"

मागच्या सीटवर इंदू उशीला टेकून बसली होती. तिच्या आईच्या मांडीवर कपड्यांचं एक गाठोडं होतं आणि त्यातून एवढंसं लाल तोंड बाहेर आलं होतं.

"तात्यानू, मी तुमच्याकडे खोटा बोललंय," मी म्हणालो. वाटेत जुळवलेलं दुसरं सगळं विसरून गेलो. "मागच्या डाव्या चाकात फुगलेले वाटये आसत. जुने. ब्लेडान तासून घातलेले. माका म्हायत होता, तरी मी भरवसो आसा म्हणान सांगलंय."

तात्यांनी वळून आधी गाडीकडे बघितलं, मग घाटाकडे. मी चाकांना दगड लावले, जॅक चढवला आणि चाक काढलं. ड्रम काढला तर शू एका बाजूने ओला होता. दट्ट्या बाहेर काढला. वाटीची कड एका ठिकाणी फाटली होती, नखाएवढी. तेल तिथून पाझरत होतं. घाटात चार वळणं उतरली असती, पाचवं नाही.

मी ती वाटी तळहातावर घेऊन तात्यांसमोर धरली. त्यांनी ती बोटांनी चाचपली. चिडतील, मारतील असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"माका सांगूचा होतां रे," ते इतकंच म्हणाले. "चार दिस थांबाक माका काय झाला होता? होडयेक भोक आसा म्हणान सांगणारो मेस्त्री वायट नसता, बाबल."

मला रडू फुटलं. पस्तिशीतला बाप्या मी, रस्त्यावर चाकापुढे बसून रडलो. इंदूची आई तोंड फिरवून बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, आणि तिचं काही चुकलं नाही.

नव्या वाट्या बसवल्या. नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल मारायचा, दुसऱ्याने चाकाशी स्क्रू सोडायचा. तात्या आत बसले. मी खालून सांगत होतो, "मारा... मारा... धरून ठेवा... सोडा." उभ्या जन्मात ज्या माणसाने दुसऱ्यांना हुकूम सोडले, तो मुकाट्याने माझं ऐकत होता. आधी बुडबुडे आले, मग स्वच्छ तेल. तीच गोष्ट मी चारही चाकांना केली, घाई न करता, एकदा नव्हे दोनदा. तात्यांनी गाडी टपरीपासून पुढे-मागे करून ब्रेक लावून बघितला. दाबला तिथेच गाडी खिळली.

मी हत्यारं पिशवीत भरली. "तुमी चला. मी एसटीन येतंय."

"खंय? फुडे बस."

"नको, तात्यानू."

"बस म्हणतंय ना!"

मी बसलो. तात्या चाकामागे बसले आणि मागे न बघताच म्हणाले, "इंदू, बाये, झिलाक बाबलाच्या मांडयेर दी."

"काय्येक तरीच काय सांगतास?" तिची आई एकदम म्हणाली.

"दी म्हणतंय."

इंदूने सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. मला वाटतं, भीती होती, आणि ती तशीच राहिली. तरी तिने आईच्या मांडीवरून पोर उचललं आणि सीटवरून पुढे केलं. मी हात आधी पँटला पुसले, मग शर्टाला पुसले, तरी तेलाचा वास जाईना. तसंच घेतलं. वजन म्हणजे काय, दोन नारळांएवढं असेल नसेल.

घाट उतरताना मी रस्ता बघितलाच नाही. एकदा तात्यांच्या पायाकडे बघत होतो आणि एकदा त्या पोराच्या तोंडाकडे. त्यांनी पाय दाबला की माझाही पाय खालच्या पत्र्यावर दाबला जायचा, गाडी हळू झाली की सुटायचा. पोर झोपलेलं होतं. मधेच ओठ हलवायचं. किती वळणं गेली मी मोजली नाहीत.

खाली बाजारात गाडी थांबली. इंदू उतरून माझ्या बाजूला आली आणि तिने हात पुढे केले. मला पोर द्यायचं होतं, पण माझे हात सुटेनात. घट्ट धरून धरून ते तसेच आखडले होते. तिने माझं एकेक बोट हळूच सोडवलं.

"सोड रे आता, बाबल," तात्या म्हणाले. "फोंडो इलो."